सीपीयू शंभर टक्के, व्हिडिओ अडखळतो: क्रोममधलं हार्डवेअर डिकोडिंग (सांगली, अभ्यासिकेचे १२ डेस्कटॉप)

#१ आमराई
नमस्कार मंडळी. विश्रामबागेतली अभ्यासिका, १२ डेस्कटॉप. मुलं दिवसभर यूट्यूबवर स्पर्धा परीक्षेची लेक्चरं बघतात, बहुतेक १०८०पी आणि वेग दीडपट नाहीतर दुप्पट. आवाज नीट चालतो, चित्र मात्र अडखळतं. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू ९५ ते १००.

मशिनं अशी: सात आय५-३४७०, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. चार आय५-७५००, त्यांत जीटी ७१०. एक आय३-१०१००एफ, त्यातही जीटी ७१०. सगळ्यांना ८ जीबी रॅम, एसएसडी, विंडोज १०, क्रोम ताजं.

सेटिंग्जमध्ये ग्राफिक्स ॲक्सिलरेशन चालू आहे. क्रोम://जीपीयू उघडलं तर 'व्हिडिओ डिकोड: हार्डवेअर ॲक्सिलरेटेड' असं हिरव्या अक्षरांत येतं. तरी सीपीयू फुल. चार मशिनांत जीटी ७१० याच दुखण्यावर म्हणून डीलरने टाकली होती, फरक शून्य. आता तो म्हणतो, उरलेल्या सातांनाही कार्डं टाका. टाकू का?

#२ कंदीपेढा
कार्डाचे पैसे खिशात ठेवा, आधी मोजू.

ती हिरवी ओळ फसवी आहे. तिचा अर्थ एवढाच की क्रोमला तुमच्या चिपमध्ये डिकोडर (दाबून पाठवलेला व्हिडिओ उलगडणारा भाग) सापडला आणि तो वापरायची त्याची तयारी आहे. यूट्यूब ज्या कोडेकमध्ये (व्हिडिओ दाबायच्या पद्धतीत) व्हिडिओ पाठवतंय तो कोडेक त्या डिकोडरला येतो की नाही, हे ती ओळ सांगत नाही. त्याच पानावर खाली 'व्हिडिओ ॲक्सिलरेशन इन्फर्मेशन' नावाचा तक्ता असतो, तिथे एकेक कोडेक लिहिलेला असतो. एच२६४ दिसेल. व्हीपी९ आणि एव्ही१ च्या ओळी आहेत का ते बघा आणि तिन्ही प्रकारच्या मशिनांवरून इथे टाका.

दुसरं, चालू व्हिडिओवर राइट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडा. त्यातल्या तीन गोष्टी लिहून घ्या. 'कोडेक्स'च्या ओळीची पहिली चार अक्षरं आणि कंसातला आकडा. 'फ्रेम्स'च्या ओळीत किती पैकी किती गळल्या. आणि 'बफर हेल्थ', म्हणजे पुढचा व्हिडिओ आधीच उतरून ठेवलाय तो, किती सेकंद. बफर शून्याकडे जात असेल तर दोष नेटचा. बफर भरलेला आणि फ्रेम गळतायत, तर दोष डिकोडचा. या दोन रोगांवरची औषधं वेगळी आहेत आणि लोक नेमकी उलटी देतात.

मोजताना वेग एकपट ठेवा आणि दर्जा हाताने १०८०पी निवडा, 'ऑटो' नको.

#३ माईघाट
वरच्यात भर. टास्क मॅनेजर > परफॉर्मन्स > जीपीयू इथे चार छोटे आलेख असतात. त्यातला 'व्हिडिओ डिकोड' बघायचा, 'थ्रीडी' नाही. व्हिडिओ सीपीयूवर उलगडला तरी तो पडद्यावर मांडायचं काम जीपीयूच करतो, म्हणून थ्रीडी हलतोच. थ्रीडी हलला की लोक खूश होतात, चार्टाचं नाव कोणी वाचत नाही. एएमडीच्या चिपवर हाच आलेख बऱ्याचदा 'व्हिडिओ कोडेक' नावाने येतो. एखादा आलेख दिसत नसेल तर त्याच्या नावाशेजारच्या बाणावर क्लिक करून तो निवडता येतो.

वेग एकपट का ठेवायचा तेही सांगते. ६० फ्रेमचा व्हिडिओ दुप्पट वेगात म्हणजे सेकंदाला १२० फ्रेम. मॉनिटर ६० हर्ट्‌झचा, म्हणजे निम्म्या फ्रेम दाखवायला जागाच नाही, त्या गळणारच. तो बिघाड नव्हे. डिकोडरला मात्र त्या सगळ्या उलगडाव्या लागतात, म्हणून तुमच्याकडच्या मुलांचं दुप्पट वेगाचं वेड सीपीयूला दुप्पट महाग पडतंय.

#४ भडंग
एवढं कशाला? क्रोम://फ्लॅग्ज उघडा, 'ओव्हरराइड सॉफ्टवेअर रेंडरिंग लिस्ट' एनेबल करा, रीलाँच मारा. आणि रॅम १६ करा. विषय संपला.

#५ माईघाट
भडंग, तो फ्लॅग वेगळ्या कामाचा आहे. काही जुने ड्रायव्हर त्रास देतात म्हणून क्रोमने त्यांची यादी करून ठेवलीय. यादीतल्या जीपीयूवर ॲक्सिलरेशन बंद राहतं आणि हा फ्लॅग ती बंदी झुगारतो. इथे बंदी नाहीच, पान हिरवं आहे. आणि चिपमध्ये जे सर्किट कोरलेलंच नाही ते फ्लॅगने उगवत नाही. यादीत नाव असलेल्या मशिनवर हा फ्लॅग लावला तर हिरवा पडदा किंवा टॅब कोसळणं, एवढंच हाती लागतं. रॅम ८ जीबी यूट्यूबला पुरते.

#६ आमराई
केलं. एकच लेक्चर, १०८०पी, एकपट वेग, प्रत्येकी ५ मिनिटं.

आय५-३४७०: तक्त्यात फक्त एच२६४. कोडेक 'व्हीपी०९', कंसात २४८. गळती साधारण ९००० पैकी ३१०. बफर ४० सेकंदांच्या वर. दुसऱ्या एका लेक्चरला 'एव्ही०१', कंसात ३९९. तिथे गळती याहून बरीच जास्त.

आय५-७५०० + जीटी ७१०: तक्त्यात इथेही फक्त एच२६४! व्हीपी९ नाही. डिकोड शून्य, सीपीयू ६० च्या आसपास. दुप्पट वेगाला ९० पार.

आय३-१०१००एफ: वरच्यासारखंच.

सातव्या पिढीचा प्रोसेसर तिसऱ्या पिढीसारखा का वागतोय?

#७ माईघाट
कारण तुम्ही त्याला विचारतच नाही. मॉनिटरची वायर कार्डाला लावलीय, म्हणून क्रोम कार्डाला विचारतं, आणि कार्ड प्रोसेसरपेक्षा अडाणी आहे.

सविस्तर लिहिते, पुढे कोणाला सेकंडहँड मशीन घेताना कामाला येईल. डिकोडर ही चिपमधली ठरावीक सर्किटं असतात. ज्या वर्षी चिप बनली त्या वर्षीचे कोडेक तिला येतात, पुढचे येत नाहीत.

इंटेलची तिसरी पिढी (२०१२), म्हणजे तुमचा ३४७० आणि त्यातलं एचडी २५००: एच२६४ येतो, व्हीपी९ नाही, एव्ही१ नाही. चौथीतही चित्र साधारण तेच. पाचवी-सहावीत व्हीपी९ अर्धवट, काही काम चिप करते आणि काही ड्रायव्हर जीपीयूच्या साध्या भागावर ढकलतो. त्यावर विसंबू नका. सहावीत एचईव्हीसी (एच२६५) ८-बिट मात्र पूर्ण आहे. सातवीपासून, म्हणजे आय५-७५०० मधल्या एचडी ६३० पासून, व्हीपी९ पूर्ण, ८ आणि १० बिट दोन्ही. एव्ही१ थेट अकराव्या पिढीपासून.

एनव्हिडियाचं जीटी ७१० म्हणजे केप्लर नावाची जुनी पिढी. एच२६४ पर्यंतच मजल. दुकानात नवं कोरं मिळतं, खोक्यावर '२ जीबी' मोठ्या अक्षरांत असतं, पण आतली चिप जुनीच. जीटीएक्स ७५० टीआयला सुद्धा व्हीपी९ येत नाही. जीटीएक्स ९५०/९६० ला येतो, जीटी १०३० ला येतो, १०५० पासून पुढे सगळ्यांना येतो. एव्ही१ आरटीएक्स ३० मालिकेपासून. जीटीएक्स १६ मालिकेला एव्ही१ नाही, हे बऱ्याच जणांना घेतल्यावर कळतं.

एएमडीत रायझन २२००जी, ३२००जी, ५६००जी यांना व्हीपी९ येतो, एव्ही१ नाही. कार्डांत आरएक्स ६००० मालिकेला एव्ही१ येतो, पण त्यातली सर्वांत स्वस्त दोन, ६४०० आणि ६५०० एक्सटी, यांतून तो काढून टाकलाय. स्वस्तातलं नवं कार्ड घेताना इथेच घात होतो.

आता तुमचं प्रकरण. डीलरने चांगल्या डिकोडरच्या मशीनवर वाईट डिकोडर बसवला. चारही ७५०० मधून जीटी ७१० काढा आणि वायर मदरबोर्डच्या पोर्टला लावा. कार्ड १९ वॉटपर्यंत खातं, तेही वाचतील.

#८ आमराई
माईघाट ताई, हे कोणी सांगितलं नव्हतं. एका मशीनची वायर मदरबोर्डला लावून बघितली, कार्ड तसंच ठेवलं. पडद्यावर 'नो सिग्नल'. आणि माझे मॉनिटर व्हीजीएचे आहेत, बोर्डावर एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्टच आहे.

#९ कोयनाकाठ
नो सिग्नल बरोबर आहे. स्लॉटमध्ये कार्ड दिसलं की बहुतेक बोर्ड आतलं ग्राफिक्स आपोआप बंद करतात. दोन वाटा.

सोपी वाट, कार्ड काढा. मशीन बंद, पॉवर केबल सुटी, पॉवर बटण एकदा दाबून उरलेला करंट जाऊ द्या. मागचा एक स्क्रू काढा, स्लॉटच्या टोकाची प्लॅस्टिकची खुंटी दाबा, मगच कार्ड सरळ वर ओढा. खुंटी न दाबता ओढलंत तर स्लॉट उचकटेल. कार्ड नसलं की बायोसमधलं 'ऑटो' आपोआप आतल्या ग्राफिक्सवर येतं.

दुसरी वाट, कार्ड ठेवायचंच असेल तर. बायोसमध्ये 'इंटर्नल ग्राफिक्स' किंवा 'आयजीपीयू मल्टि-मॉनिटर' असं काही असेल ते 'एनेबल्ड' करा आणि 'प्रायमरी डिस्प्ले' आयजीएफएक्सवर (म्हणजे आतल्या ग्राफिक्सवर) ठेवा. मग विंडोजमध्ये सेटिंग्ज > सिस्टिम > डिस्प्ले > ग्राफिक्स सेटिंग्जमध्ये क्रोमची ईएक्सई निवडून 'पॉवर सेव्हिंग' द्या, म्हणजे क्रोम इंटेलकडे जाईल. अभ्यासिकेत कशाला हा घोळ. काढून टाका.

व्हीजीएसाठी एचडीएमआय ते व्हीजीए किंवा डिस्प्लेपोर्ट ते व्हीजीए असा आत चिप असलेला 'ॲक्टिव्ह' ॲडॉप्टर लागतो. नुसती पिना जोडलेली स्वस्त केबल चालत नाही. तिकडून डिजिटल सिग्नल निघतो, इकडे ॲनालॉग हवा. मधे कोणीतरी बदलायला नको का?

कार्ड काढल्यावर पहिल्या बूटला पडदा मोठमोठ्या आयकॉनांचा, १०२४ बाय ७६८ असा दिसला तर डिव्हाइस मॅनेजर उघडा. डिस्प्ले ॲडॉप्टर्समध्ये 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॉप्टर' असेल तर इंटेलचा ड्रायव्हर नाही. त्या अवस्थेत क्रोमची सगळी चित्रं सीपीयू काढतो, म्हणजे आधीपेक्षा वाईट. मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून त्या मॉडेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर घ्या, किंवा नेट लावून विंडोज अपडेट चालू द्या. 'ड्रायव्हर अपडेटर' नावाची फुकट सॉफ्टवेअरं मात्र चुकूनही घेऊ नका.

#१० कंदीपेढा
आता सात ३४७० चं बघू. तिथे डिकोडर बदलता येत नाही, मग येणारा माल बदलायचा. यूट्यूबकडे १०८०पी पर्यंत तोच व्हिडिओ एच२६४ मध्येही असतो. ब्राउझरने 'मला व्हीपी९ आणि एव्ही१ येत नाही' असं सांगितलं की यूट्यूब गुपचूप एच२६४ देतं.

त्यासाठी 'एनहान्स्ड-एच२६४इफाय' हे एक्स्टेन्शन. त्याच्या पर्यायांत 'ब्लॉक व्हीपी९' आणि 'ब्लॉक एव्ही१' दोन्हींवर टिक. ६० फ्रेम अडवायचीही टिक आहे. लेक्चरला ६० फ्रेम काय करायच्यात, फळा थोडाच पळतोय. तीही लावा. टॅब पुन्हा लोड करा. आता स्टॅट्समध्ये 'एव्हीसी१' दिसलं पाहिजे, कंसात १३७. (६० फ्रेमची टिक लावली नसेल तर तशा व्हिडिओला २९९.)

तोटे दोन. १४४०पी आणि ४के हे पर्याय यादीतून गायब होतात, कारण यूट्यूब त्या दर्जात एच२६४ देत नाही. आणि त्याच दर्जाच्या चित्राला एच२६४ डेटा जास्त खातो. दुप्पट वेगात तर डेटाही दुप्पट दराने लागतो. १२ मशिनं एका कनेक्शनवर असतील तर बफर हेल्थवर लक्ष ठेवा, नाहीतर सीपीयू सुटला आणि नेट अडकलं असं व्हायचं.

७५०० वर फक्त एव्ही१ अडवा, व्हीपी९ राहू द्या. तो आता हार्डवेअरवर जाईल.

#११ माईघाट
कंदीपेढा यांनी लिहिलंय त्यात एक छेद आहे, तो बुजवते. क्रोमच्या गुप्त खिडकीत एक्स्टेन्शन आपोआप चालत नाही. एक्स्टेन्शनच्या तपशिलात 'अलाऊ इन इन्कॉग्निटो' सुरू करावं लागतं. आणि 'गेस्ट' प्रोफाइलमध्ये एक्स्टेन्शन चालतच नाही. अभ्यासिकेत मुलं स्वतःचं खातं उघडायला हेच दोन रस्ते वापरतात. म्हणजे सकाळी तुम्ही सगळं नीट लावाल आणि दुपारी तेच मशीन परत शंभरावर. गेस्टची सोय बंद ठेवा.

यूट्यूबच्या खात्यातही 'प्लेबॅक अँड परफॉर्मन्स'मध्ये एव्ही१ कमी दर्जापुरतं मर्यादित करायचा पर्याय आहे. एकाच माणसाचं मशीन असेल तर तेवढं पुरे. फायरफॉक्समध्ये अबाउट:कॉन्फिगमध्ये 'मीडिया.एव्ही१.एनेबल्ड' फॉल्स केलं की एव्ही१ येतच नाही.

३४७० वर एव्ही१ इतका जड का, तेही सांगते. क्रोममध्ये एव्ही१ सॉफ्टवेअरने उलगडणारा डिकोडर 'डेव्ह१डी' नावाचा. तो एव्हीएक्स२ सूचनांवर झपाट्याने पळतो. इंटेलमध्ये एव्हीएक्स२ चौथ्या पिढीपासून आलं, तिसरीत नाही. म्हणून ३४७० आणि आय५-४५९० कागदावर सख्खे भाऊ दिसले तरी एव्ही१ ला ३४७० जास्त दमतो.

#१२ पोवईनाका
साताऱ्यातून. जवळचाच प्रश्न म्हणून इथेच विचारतो. दुकानाच्या सीसीटीव्हीचा एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) ब्राउझरमधून बघतो. नव्या डेस्कटॉपवर दिसतं, काउंटरवरच्या आय३-३२२० वर क्रोममध्ये काळा चौकोन. कॅमेरे एच२६५ वर आहेत.

#१३ कोयनाकाठ
एच२६५ म्हणजेच एचईव्हीसी. क्रोमने तो १०७ व्या आवृत्तीपासून (२०२२) घेतला, पण विंडोजवर फक्त हार्डवेअर डिकोडर असेल तरच. सॉफ्टवेअरची पर्यायी वाट ठेवलीच नाही. तिसऱ्या पिढीत एचईव्हीसीचं सर्किट नाही, म्हणून तिथे अडखळण्याचाही प्रश्न नाही, सरळ काळोख.

एनव्हीआरच्या सेटिंगमध्ये जा, मेन स्ट्रीम एच२६५ वरच राहू द्या म्हणजे रेकॉर्डिंगची हार्डडिस्क वाचते. सब-स्ट्रीम (त्याच कॅमेऱ्याचं कमी दर्जाचं दुसरं चित्र) एच२६४ करा, ७०४ बाय ५७६ किंवा ६४० बाय ४८०, १० ते १५ फ्रेम. काउंटरच्या ब्राउझरला सब-स्ट्रीम दाखवा. 'एच२६५+' सारखं अधिकचिन्हाचं काही सुरू असेल तर मेन स्ट्रीमलाही ते बंद करा, नव्या डेस्कटॉपवरही ते ब्राउझरला कधीकधी पचत नाही.

#१४ पोवईनाका
सब-स्ट्रीम एच२६४ केल्यावर दिसलं. धन्यवाद.

#१५ आमराई
अहवाल. सात ३४७० वर एक्स्टेन्शन टाकलं. 'एव्हीसी१', १३७. सीपीयू २० च्या आसपास, गळती शून्य. दुप्पट वेगालाही सीपीयू ४० च्या खाली.

चार ७५०० मधून कार्डं काढली. तीन लगेच ठीक, व्हीपी९ हार्डवेअरवर. चौथं अडलंय. ड्रायव्हर इंटेलचाच आहे, डिव्हाइस मॅनेजर स्वच्छ, पण क्रोम://जीपीयूवर 'व्हिडिओ डिकोड: सॉफ्टवेअर ओन्ली' लाल अक्षरांत. सेटिंगमधलं बटण चालू आहे. दोनदा क्रोम बंद करून उघडलं.

#१६ कंदीपेढा
तीन ठिकाणं बघा, याच क्रमाने.

एक, डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या आयकॉनवर राइट क्लिक > प्रॉपर्टीज. 'टार्गेट'च्या चौकटीत अगदी शेवटी, अवतरणचिन्हानंतर, '--डिसेबल-जीपीयू' असं काही चिकटलंय का? (मशीनवर अर्थातच इंग्रजीत असेल.) पूर्वी कधी पडदा लुकलुकायचा म्हणून कोणीतरी लावतं आणि विसरतं. टास्कबारचा आयकॉन वेगळा, तोही तपासा.

दोन, क्रोम://पॉलिसी. मशीन एखाद्या कंपनीतून आलेलं असेल तर रजिस्ट्रीत जुन्या आयटीवाल्यांची पॉलिसी राहून जाते. 'हार्डवेअर ॲक्सिलरेशन मोड एनेबल्ड' फॉल्स असेल तर बटण चालू-बंद करून उपयोग नाही.

तीन, क्रोम://जीपीयू पानाच्या तळाशी 'लॉग मेसेजेस'. तिथे जीपीयू प्रोसेस अनपेक्षित बंद पडल्याच्या नोंदी असतील तर क्रोमने दोन-चार आपटांनंतर कंटाळून स्वतःच सॉफ्टवेअरवर मुक्काम हलवलाय. पूर्ण रीस्टार्टला तो परत येतो. पूर्ण म्हणजे पूर्ण. 'क्रोम बंद केल्यावरही बॅकग्राउंड ॲप्स चालू ठेवा' हे सेटिंग चालू असेल तर खिडकी मिटवली तरी क्रोम आत जिवंत असतं. ॲड्रेस बारमध्ये क्रोम://रीस्टार्ट द्या.

#१७ माईघाट
आणि हे तुम्ही दुसऱ्या जागेवरून रिमोट डेस्कटॉपने बघत असाल तर निकाल फेकून द्या. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये क्रोमला बऱ्याचदा खरं जीपीयू दिसत नाही, लाल ओळ येऊ शकते. मशीनसमोर बसून बघा.

#१८ आमराई
समोर बसूनच बघत होतो. पहिल्याच ठिकाणी सापडलं. टास्कबारच्या आयकॉनमध्ये '--डिसेबल-जीपीयू', डेस्कटॉपच्या आयकॉनमध्ये नाही. म्हणून मुलं म्हणायची, हे मशीन कधी चालतं कधी नाही. आयकॉन अनपिन करून नवा पिन केला, हिरवं आलं.

#१९ भडंग
मला एक सांगा, प्रत्येक वेळी टास्क मॅनेजर आणि स्टॅट्स कुठे उघडत बसायचं? थेट 'हा व्हिडिओ हार्डवेअरवर आहे' असं कुठे लिहून येत नाही का?

#२० माईघाट
येतं. व्हिडिओच्या टॅबवर एफ१२, उजवीकडचे तीन ठिपके > मोअर टूल्स > मीडिया. डावीकडे चालू प्लेयर निवडा. 'डिकोडर नेम' आणि 'हार्डवेअर डिकोडर' अशा ओळी दिसतात. विंडोजवर नाव 'डी३डी११व्हिडिओडिकोडर' असेल तर चिपवर. 'व्हीपीएक्सव्हिडिओडिकोडर', 'डेव्ह१डीव्हिडिओडिकोडर' किंवा 'एफएफएमपेगव्हिडिओडिकोडर' असेल तर सीपीयूवर. पॅनेल रिकामं दिसलं तर ते उघडं ठेवून पान रिफ्रेश करा.

एज आणि ब्रेव्हलाही हेच लागू, आतलं इंजिन तेच. फायरफॉक्समध्ये अबाउट:सपोर्टच्या 'मीडिया' भागात कोडेकवार तक्ता आहे, हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर असे वेगळे रकाने. मला तो क्रोमपेक्षा वाचायला सरळ वाटतो.

तपासणी ७२०पी किंवा वरच करा. १४४पी-२४०पी सारख्या छोट्या चित्राला क्रोम मुद्दाम सॉफ्टवेअर डिकोडर घेतं. तिथे 'नाही' दिसलं म्हणून धावपळ नको.

#२१ हरिपूररोड
३४७० चा विषय निघालाच आहे तर, विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ या प्रोसेसरवर अधिकृतपणे बसत नाही. लिनक्स मिंट टाकलं तर डिकोडिंग मिळेल का?

#२२ कोयनाकाठ
मिळेल, पण क्रोमपेक्षा फायरफॉक्सने. लिनक्सवरच्या क्रोममध्ये हे फ्लॅगच्या भरवशावर असतं आणि आवृत्तीगणिक फ्लॅगची नावं बदलतात. फायरफॉक्सने इंटेलसाठी ११५ व्या आवृत्तीपासून (२०२३) आणि एएमडीसाठी १३६ पासून (२०२५) लिनक्सवर हार्डवेअर डिकोडिंग मुळातच सुरू ठेवलंय.

इंटेलचे दोन ड्रायव्हर आहेत, गफलत इथे होते. पाचव्या पिढीपासून पुढे 'इंटेल-मीडिया-व्हीए-ड्रायव्हर', ज्याला आयएचडी म्हणतात. त्याआधीच्यांना, म्हणजे ३४७० ला, 'आय९६५-व्हीए-ड्रायव्हर'. सोबत 'व्हीएइन्फो' हे पॅकेज घ्या आणि टर्मिनलमध्ये त्याच नावाची आज्ञा द्या. सुरुवातीला आयएचडी उघडला नाही अशी एरर आली तर दुर्लक्ष करा, पुढे आय९६५ उघडला की झालं. यादीत एच२६४ च्या प्रोफाइलपुढे 'एंट्रीपॉइंट व्हीएलडी' असेल तर डिकोड मिळतं. 'एन्कस्लाइस' म्हणजे एन्कोड, त्याचा इथे संबंध नाही.

खात्रीसाठी 'इंटेल-जीपीयू-टूल्स' घेऊन त्यातली 'इंटेल जीपीयू टॉप' ही आज्ञा सुडोने (ॲडमिनच्या अधिकाराने) चालवा. व्हिडिओ चालू असताना 'व्हिडिओ' नावाचा पट्टा हलला पाहिजे. एच२६४ चं एक्स्टेन्शन मात्र इथेही लागेलच. लिनक्स आलं म्हणून चिपला व्हीपी९ येत नाही.

#२३ हरिपूररोड
एका मशीनवर करून बघतो.

#२४ कंदीपेढा
आमराई, १०१००एफ राहिला. 'एफ' म्हणजे आत ग्राफिक्सच नाही, तिथून जीटी ७१० काढलंत तर पडदाच येणार नाही. त्या मशीनला ३४७० सारखंच वागवा, कार्ड ठेवा, एक्स्टेन्शनने एच२६४ घ्या. कधी व्हीपी९ हवंच वाटलं तर जीटी १०३०. त्यात डीडीआर४ आणि जीडीडीआर५ असे दोन प्रकार मिळतात, खेळांना फरक पडतो, डिकोडरला नाही, चिप तीच. पण चालू असलेल्या मशीनवर त्याच्यासाठी पैसे घालू नका.

#२५ आमराई
१०१००एफ वर एक्स्टेन्शन टाकलं, ठीक चालतंय. गेस्ट प्रोफाइल सगळीकडे बंद केलं, इन्कॉग्निटोमध्ये एक्स्टेन्शनला परवानगी दिली.

आता फक्त दारापाशी ठेवलेला एक ३४७० अडखळतो. पण तिथे गळती शून्य, बफर हेल्थ २-३ सेकंदांवर खाली येतेय.

#२६ कंदीपेढा
मग ते आमच्या खात्यातलं नाही, वायरवाल्याचं. सेटिंग्जमधल्या नेटवर्कच्या पानावर लिंक स्पीड बघा. १०० च्या जागी १० दिसत असेल तर केबलचा क्रिंप सैल आहे. वायफायवर असेल तर केबल ओढा.

#२७ आमराई
१० च होता. केबल दाराच्या फटीत चेंबली होती, नवी ओढली. चार जीटी ७१० कोणाला हवी असतील तर सांगा, त्यांना व्हीजीएचा पोर्ट आहे.

#२८ हरिपूररोड
एक मला. मार्केट यार्डातल्या ऑफिसला हळदीच्या सौद्याचे भाव दाखवायला दुसरा मॉनिटर जोडायचाय, तिथे व्हिडिओ कोणी बघत नाही.